चक्कीच्या गाण्याची सनद

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलींचे भित्तिपत्रक निघते. काही वर्षांपूर्वी त्याचा विषय होता ‘आमच्या घरातली गाणी’. दादी, नानी, फुफी यांच्याकडून एखादे जुने गाणे लिहून आणा, असे मी मुलींना सांगितले होते. बहुतेकींनी लग्नातली गाणी आणली. सातवीतल्या एका मुलीने मात्र आपल्या दादीचे चक्कीवरचे गाणे आणले. लिपी उर्दू होती. भाषा अर्धी आमच्या घराघरांतली दखनीवजा हिंदी आणि अर्धी हिंगण्याकडची मराठी. पहिली मूठ अल्लाच्या नावाने, दुसरी रसूलच्या, तिसरी पिराच्या, आणि चौथ्या मुठीपासून थेट माहेर. वेणा नदीला पूर आलेला, पलीकडच्या काठावर भाऊ उभा आणि अलीकडे बहिणीचे दळण अर्धे राहिलेले.

गाणे सर्वांना आवडले, पण एका सहकाऱ्यांनी विचारले, “ये तो उन लोगों का गाना है. उर्दू स्कूल की दीवार पे कायको?” दुसऱ्यांनी लगेच तोड काढली, “नीचे हजरत अमीर खुसरो का नाम लिख दो. फिर कोई कुछ नहीं बोलेगा.” आणि मी लिहिले! बी.एड.ला इतिहासाच्या अध्यापनपद्धतीत प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक शिकलेली मी, माझ्या हाताने त्या गाण्याखाली खुसरोंचे नाव लिहून मोकळी झाले.

संमेलनाच्या दिवशी ती दादी आली. तिला वाचता येत नाही. नातीने बोट ठेवून तिला गाणे वाचून दाखवले आणि खालचे नावही वाचले. दादीने मला अगदी सरळ मनाने विचारले, “टीचर, ये खुसरू साब कौन से गाँव के? हमारी अम्मा तो आर्वी की थी.”

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुढे जे वाचले, ऐकले आणि विचारले ते या लेखात मांडते आहे. प्रश्न एका गाण्याचा नाही. आपल्या घरातल्या गाण्यांवर आपण कुणाकुणाची नावे लावून ठेवली आहेत आणि का लावली आहेत, हा प्रश्न आहे.

खरे तर हा प्रश्न तपासण्याची पद्धत आपल्याला कुणाकडून उसनी घ्यावी लागत नाही. हदीसच्या विद्वानांनी ती हजार-बाराशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. एखादे वचन पैगंबरांचे आहे असे कुणी म्हटले की विद्वान दोन गोष्टी विचारत. पहिली सनद, म्हणजे हे तू कुणाकडून ऐकलेस आणि त्याने कुणाकडून ऐकले. दुसरी मतन, म्हणजे त्या वचनात जे आहे ते त्या काळाशी जुळते का. सांगणारा रावी कितीही परहेजगार असला तरी साखळी तुटली की वचन कमजोर ठरे. बुखारी शरीफची महती या कसोटीमुळे आहे. गाण्याला हदीसचा दर्जा देण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण दीनच्या बाबतीत ज्यांनी एवढी खबरदारी शिकवली, त्यांच्याच वारसांनी इतिहासाच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर मान डोलवावी, हे बरे नव्हे.

ही कसोटी आधी खुसरोंच्याच नावाला लावून पाहू. अमीर खुसरो (१२५३ ते १३२५) हे फारसीचे थोर कवी आणि हजरत निजामुद्दीन औलियांचे लाडके मुरीद. त्यांनी हिंदवीतही रचना केली, यात शंका नाही. ‘गुर्रतुल कमाल’ या आपल्या दीवानच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच ते नोंदवले आहे. आपल्या हिंदवी रचना आपण मित्रांना वाटून टाकल्या, असेही ते सांगतात. म्हणजे त्या जपून ठेवल्या गेल्या नाहीत. आज त्यांच्या नावावर जी कोडी, मुकरिया, सावनाची झूल्यावरची गाणी आणि बाबुलची गाणी आपण म्हणतो, त्यांची हस्तलिखिते त्यांच्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहिलेली आहेत. मधली साखळीच हाती लागत नाही.

ही गाणी खुसरोंची म्हणून घराघरांत पोहोचवण्यात मोठा वाटा मौलाना मुहम्मद हुसैन आझाद यांच्या १८८० सालच्या ‘आबे हयात’चा आहे. हे पुस्तक मी आजही आवडीने वाचते. त्याची भाषा म्हणजे मिसरीचा खडा! पण त्यातल्या खुसरोंच्या एका किश्श्यात एक बाई त्यांच्यासाठी हुक्का भरून उभी राहते. आता मतन तपासा. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी. असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून नेलेली तंबाखू आणि नळी अकबर बादशहासमोर ठेवली ती १६०४-०५ च्या सुमारास, म्हणजे खुसरोंच्या वफातीनंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी. हुक्काच नव्हता तर भरला कुणी?

‘खालिकबारी’ हा मुलांना शब्दार्थ शिकवणारा पद्यकोश पिढ्यान्‌पिढ्या खुसरोंचा म्हणून मदरशांत शिकवला गेला. हाफिज महमूद शीरानी यांनी तो तपासला आणि तो जहांगीरच्या काळातल्या जियाउद्दीन खुसरो नावाच्या दुसऱ्याच माणसाचा असल्याचे मत मांडले. सतारीचेही तसेच. ती अमीर खुसरोंनी शोधली असे आपण मुलांना सांगतो, पण तिच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना ती अठराव्या शतकातल्या दिल्लीत, खुसरो खान नावाच्या गवयाच्या हाती पहिल्यांदा सापडते. नावात साम्य निघाले की लहान माणसाची कमाई मोठ्या माणसाच्या खात्यावर जमा होते. हे गाण्यांचे जसे होते तसे कोशाचेही होते आणि वाद्याचेही.

बाबुलच्या गाण्याचे काय? १९८१ च्या ‘उमराव जान’ चित्रपटात जगजीत कौर यांच्या आवाजात ते आले आणि खुसरोंचे नाव त्याला कायमचे चिकटले. गाणे ऐकताना डोळे भरतात. पण त्यात बोलते कोण? दूरदेशी दिलेली लेक. ही तक्रार ज्यांनी सोसली त्या बायकांनीच ती पहिल्यांदा म्हटली असणार, असे मला वाटते. दरबारातल्या कवीच्या नावाची त्यासाठी गरज नव्हती.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. उत्तरेत जसे खुसरो, तसे दख्खनमध्ये हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज. त्यांचे वडील सय्यद राजू कत्ताल यांची मजार आपल्या खुलताबादला आहे. दिल्लीहून निघून ख्वाजासाहेब १४०० च्या सुमारास फिरोजशाह बहमनीच्या काळात गुलबर्ग्याला आले आणि १४२२ मध्ये तिथेच त्यांची वफात झाली. त्यांच्या नावावर ‘मेराजुल आशिकीन’ नावाची एक दखनी पुस्तिका आहे. मौलवी अब्दुल हक यांनी १९२४ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि उर्दू गद्याचे पहिले पुस्तक म्हणून ती अभ्यासक्रमात गेली. पुढे हैदराबादचे डॉ. हफीज कतील यांनी हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९६८ मध्ये दाखवून दिले की ही रचना ख्वाजासाहेबांची नाही. ती त्यांच्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी झालेल्या विजापूरच्या मखदूम शाह हुसैनी यांची आहे. तरीही कितीतरी गाईडांमध्ये जुनेच उत्तर छापले जात राहिले आणि मुले तेच पाठ करत राहिली.

याच ख्वाजासाहेबांच्या नावावर ‘चक्कीनामा’ही सांगितला जातो. चक्कीनामा म्हणजे दळताना म्हणायचे दखनी गाणे. त्याची भावंडे म्हणजे चरखानामा, लोरीनामा, शादीनामा, सुहागननामा. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ च्या एका निबंधात आणि पुढे १९७८ च्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गाण्यांचा अभ्यास केला. ही गाणी प्रामुख्याने विजापूरच्या चिश्ती परंपरेतल्या सूफींच्या वर्तुळातली आणि त्यांतली बरीचशी सतराव्या शतकातली किंवा त्यानंतरची. जात्याचा खुंटा म्हणजे अल्लाच्या नावातला अलिफ, अशी साध्या बाईला समजेल अशी रूपके त्यांत आहेत. दळणाऱ्या हाताबरोबर जिक्र चालू राहावा, हा हेतू. दख्खनच्या घरांत इस्लाम पोहोचला तो सूफींच्या जड फारसी ग्रंथांमधून नव्हे तर चूल, चक्की आणि पाळण्याजवळच्या बायकांच्या गळ्यातून, असे ईटन यांचे म्हणणे आहे.

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, म्हणजे दळणाचे गाणे सूफींनी आणले तर! नाही. सनद अजून मागे जाते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९-३१ च्या सुमारास रचला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात, अशी स्पष्ट नोंद आहे. हे साल लक्षात ठेवावे. ज्ञानेश्वरीला अजून दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ मध्ये. ख्वाजा बंदानवाज गुलबर्ग्याला आले ते पावणेतीनशे वर्षांनी. म्हणजे मुसळ आणि जाते यांच्यावरचे गाणे आधीपासून इथे होते आणि ते बायकांचे होते. ज्ञानेश्वरांनी ओवी घेतली ती तिथूनच, आणि सूफींनी चक्कीनाम्याचा साचा घेतला तोही इथल्या बायकांच्या त्याच रिवाजातून. दोघांनीही आपापला संदेश त्यात घातला. संतांनी विठ्ठल घातला, सूफींनी अल्ला-रसूल घातले. चौथ्या मुठीपासूनचे माहेर मात्र दोन्हीकडे तसेच राहिले, कारण ते बायकांचे स्वतःचे होते.

म्हणून “ये उन लोगों का गाना है” हे वाक्य चुकीचे आहे. आणि “हे आमच्या ख्वाजांचे, आमच्या खुसरोंचे” हेही तितकेच चुकीचे आहे.

नागपूर भागात तर हा गुंता अधिक आहे, कारण आपल्या घरांत गाण्यांचे दोन प्रवाह येऊन मिळाले. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. एकोणिसाव्या शतकात पूरबकडून, म्हणजे अवध-बनारसच्या बाजूने, मोमीन विणकर कुटुंबे कामठीला आणि नागपूरला आली. त्यांच्या बायकांनी आपल्याबरोबर बाबुल, सोहर आणि सावनाची गाणी आणली. दुसरीकडे वऱ्हाड, वर्धा आणि नागपूरच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान होते. कुणी शेतकरी, कुणी पिंजारी, कुणी कसाई, कुणी फकीर. त्यांच्या बायका शेजारणींच्या बरोबरीने जात्याला बसत आणि दळताना जे तोंडी येई ते मराठीतच येई. आज या दोन घरांत सोयरिकी होतात आणि एकाच लग्नात दोन्ही गाणी ऐकू येतात. यांतले पूरबचे गाणे ‘खालिस उर्दू’ म्हणून वरच्या बाजेवर बसते. मराठीतले गाणे गावंढळ ठरून खाली जमिनीवर. त्या गाण्याला वर बसवायचे असेल तर एखाद्या बुजुर्गाचे नाव लावावे लागते, जसे मी लावले.

चूक फक्त आपल्याच बाजूने होते असे नाही. सगनभाऊ हे पेशवाईच्या अखेरच्या काळातले नामांकित शाहीर. त्यांच्या लावण्या होनाजी बाळांच्या लावण्यांच्या बरोबरीने गाजल्या. ते मुसलमान होते, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पण नावात ‘भाऊ’ पाहून बहुतेक श्रोते त्यांना हिंदू समजतात आणि आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांना तर हे नावच माहीत नसते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. उलट संत एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचताना तुर्काच्या तोंडी दखनी बोली घातली. भाषेवरून धर्म ओळखायला जाल तर एकनाथ मुसलमान ठरतील आणि सगनभाऊ हिंदू. रचनेच्या शेवटी आलेल्या नाममुद्रेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांची रचना नामदेवांच्या रचनेत मिसळून गेली, हे मराठीचे अभ्यासक कधीचे सांगत आले आहेत.

मग नावे लावली का जातात? मला तीन कारणे दिसतात. पहिले कारण बाजाराचे. मोठ्या नावाने पुस्तिका खपते, कॅसेट खपते. दुसरे कारण परवानगीचे. गाणे-बजावणे चांगले नव्हे असे म्हणणारे घरात कुणीतरी असतेच. बुजुर्गांचे नाव घेतले की त्यांचे तोंड बंद होते आणि बाईला गाता येते. या कारणाबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. कितीतरी गाणी अशा चादरीखाली लपून वाचली असतील. तिसरे कारण मात्र लाजेचे आहे आणि तेच मला सर्वांत जास्त बोचते. आपल्या दादीने केलेले गाणे आपल्याला पुरेसे इज्जतदार वाटत नाही.

हाच रोग आपण आपल्या शजऱ्यांनाही लावला आहे. घराण्याला अरबस्तान, इराण किंवा बुखारा चिकटवल्याशिवाय पुष्कळांना चैन पडत नाही. काही घराणी खरोखर तिकडून आली, हे मान्य. पण आपल्यापैकी बहुसंख्य याच मातीतले आहेत. आपल्या पणज्यांच्या पणज्या कलमा वाचण्याआधीही याच नद्यांच्या काठी दळत होत्या आणि कलमा वाचल्यानंतरही दळत राहिल्या. गाण्याचा पहिला शब्द बदलला, गाणारीचा गळा तोच राहिला. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण मराठी ही आपलीही भाषा असल्याचे सांगत आलो. या सांगण्याचा सर्वांत जुना पुरावा आपल्या घरातल्या जात्याजवळ होता आणि आपणच त्यावर दिल्लीची मोहोर उठवत बसलो. कुणी आपल्याला परके म्हटले की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण आपल्या आजीचे गाणे आपणच परदेशी पाठवले तर त्या म्हणणाऱ्याला उत्तर काय देणार?

काम करायचे तर नमुना समोर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांचे मोठेपण केवळ या संख्येत नाही. कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली, याची नोंद त्यांनी ठेवली. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुला झाला आहे. त्यात दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. जुन्या साच्यात नवा माणूस आला आणि तो कुणी आणला हेही नोंदले गेले. सनद म्हणतात ती हीच.

आपल्याकडे वेळ थोडा आहे. गावोगावी पिठाची गिरणी आली तेव्हाच जाते कोपऱ्यात गेले. दळताना ज्यांनी गाणी म्हटली त्या बायका आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आहेत. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. तो त्यांच्यासमोर धरा. गाणे घ्या आणि त्याबरोबर पाच गोष्टी लिहा: गाणारीचे नाव, तिचे गाव, तिने ते कुणाकडून ऐकले, ती ते कोणत्या कामाच्या वेळी म्हणे, आणि आपण ते कोणत्या तारखेला लिहून घेतले. शब्द मराठी असेल तर मराठीच ठेवा, त्याला उर्दूचा शेरवानी-पायजामा चढवू नका. विठोबाचे नाव आले तर खोडू नका आणि पिराचे आले तर लपवू नका. रचणारा माहीत नसेल तर तिथे कुणालाही बसवू नका. रिकामी जागा रिकामी ठेवणे हीसुद्धा अमानतदारी आहे.

पुढच्या वर्षी मी तेच गाणे पुन्हा भित्तिपत्रकावर लावले. या वेळी मुलीच्या दादीला आधी विचारले. तिने दोन ओळी दुरुस्त केल्या आणि एक नवीन आठवून सांगितली. गाण्याखाली मुलींनी सुंदर अक्षरांत लिहिले होते ते असे: गाणारी हिंगण्याची, तिचे नाव. ऐकले आईकडून, आई आर्वीची. आईने ऐकले तिच्या सासूकडून. त्यापुढची साखळी दादीला आठवत नव्हती, म्हणून तिथे मुलींनी फक्त एक रेघ ओढली.

आक्षेप घेणारे सहकारी त्या गाण्यासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “टीचर, हमारी नानी भी कुछ ऐसाच गाती थी. पूछना पड़ेगा अम्मी से, उनकू याद है क्या.”